जुन्या हस्तशस्त्रांची ओढ : अमेरिकी नेमबाजांच्या पिढ्या आणि तंत्रज्ञानाची निवड

प्रस्तावना

नवे यंत्र आले की जुने मागे पडते, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा सर्वसाधारण नियम मानला जातो. टंकलेखन यंत्र संगणकापुढे टिकले नाही, चावीचे घड्याळ विजेच्या सेलवर चालणाऱ्या घड्याळापुढे मागे सरले. या नियमाला जे अपवाद आढळतात, त्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हस्तशस्त्रांचा, म्हणजे पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांचा, अपवाद विशेष लक्षणीय आहे. १९८० नंतर त्या देशात वजनाने हलकी, अधिक काडतुसे सामावणारी, न गंजणारी आणि तुलनेने स्वस्त पिस्तुले उपलब्ध झाली. पोलीस व लष्कर यांनी ती स्वीकारली. तरीही १८७३ चे कोल्ट रिव्हॉल्व्हर, १९११ चे पंचेचाळीस कॅलिबरचे पिस्तूल आणि १९५५ चे ‘पायथन’ यांना गिऱ्हाईक आहे. ती स्पर्धांत वापरली जातात, इतकेच नव्हे तर नव्याने तयारही केली जातात. ही आवड केवळ वयोवृद्धांची असती तर तिचे स्पष्टीकरण स्मरणरंजन या एका शब्दात आटोपले असते. परंतु ज्यांच्या जन्मापूर्वीच ही शस्त्रे पोलिसांच्या कमरेवरून उतरली होती, असे तरुणही ती निवडताना दिसतात. या आवडीची तांत्रिक, सामाजिक व कायदेशीर कारणे कोणती आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘जुने’ हे विशेषण

जुने कशाला म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार १८९८ अखेरपर्यंत बनलेले शस्त्र ‘पुरातन’ ठरते आणि संघीय कायद्याच्या दृष्टीने ते बंदुकीच्या व्याख्येतच बसत नाही. त्यामुळे एकाच कारखान्यातून एकाच साच्यात निघालेल्या दोन रिव्हॉल्व्हरांपैकी एक १८९८ चे व दुसरे १८९९ चे असेल, तर त्यांची कायदेशीर जात निराळी होते आणि किंमतही. त्याखेरीज पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्थितीतील शस्त्रे ‘कुतूहलाच्या व अवशेषरूप वस्तू’ या वर्गात येतात व संग्राहकांना त्यांच्यासाठी स्वतंत्र परवाना मिळतो. म्हणजे वय ही भावनेची बाब आहेच, पण कायद्याने तिला आकडाही दिला आहे.

नेमबाजांच्या बोलण्यात मात्र ‘जुने’ हे सतत सरकणारे विशेषण आहे. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १९५७ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरांना क्रमांक देण्यास प्रारंभ केला. काही संग्राहकांच्या मते खरी जुनी शस्त्रे त्याआधीचीच. १९६५ मध्ये ही कंपनी बँगर पुंता या उद्योगसमूहाकडे गेली आणि पुढील दोन दशकांत तिची गुणवत्ता घसरल्याची तक्रार त्या काळातील जाणकार करीत असत. गंमत अशी की, त्याच १९७० च्या दशकातील रिव्हॉल्व्हरांना आज सुवर्णकाळातील म्हणून वाढीव भाव मिळतो. प्रत्येक पिढीला आपल्या वडिलांच्या हातातील शस्त्र उत्तम वाटते आणि आपल्या डोळ्यांदेखत कारखान्यातून निघणारे निकृष्ट, असेच यावरून दिसते. यात टिकून राहिलेल्या वस्तूंमुळे होणारा भ्रमही मिसळलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही डॉलरांत मिळणारी हलक्या दर्जाची असंख्य रिव्हॉल्व्हर अमेरिकेत बनत. ती मोडली, फेकली गेली. जी उत्तम होती ती जपली गेली. आज ‘पूर्वीचे काम’ म्हणून जे दाखविले जाते, ते त्या निवडीतून उरलेले काम आहे.

कानस, साचा आणि चापाचा स्पर्श

असे असले तरी जुन्या शस्त्रांच्या बाजूने मांडला जाणारा तांत्रिक युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. कोल्ट कंपनीचे ‘पायथन’ हे १९५५ मध्ये बाजारात आलेले रिव्हॉल्व्हर त्याचे उत्तम उदाहरण होय. त्याचे अंतर्गत भाग घडीव पोलादाचे असत आणि ते जसेच्या तसे जोडता येत नसत. कसबी कारागीर कानस व दगड यांच्या साहाय्याने प्रत्येक भाग त्या एका शस्त्रापुरता घासून बसवीत असे. बाहेरील पोलादाला आरशासारखी गडद निळी झिलई दिली जाई. परिणामी चाप ओढताना खरखर किंवा अडखळ जाणवत नसे. नेमबाजीत या गोष्टीला फार महत्त्व आहे, कारण नेम चुकतो तो बहुधा डोळ्यामुळे नव्हे, तर चाप ओढताना हलणाऱ्या मनगटामुळे.

अलीकडच्या शस्त्रांतील अनेक लहान भाग निराळ्या रीतीने बनतात. धातूची अतिसूक्ष्म भुकटी एका बंधक द्रव्यात मिसळून साच्यात दाबली जाते, मग ते द्रव्य काढून टाकून भाग भट्टीत भाजला जातो. भाजताना तो लक्षणीय आकसतो, म्हणून साचा मुळातच मोठा ठेवावा लागतो. या पद्धतीने भागांचे माप इतके एकसारखे येते की कानशीची गरज उरत नाही. जुन्या पठडीतील नेमबाज अशा भागांना नाके मुरडतात. त्यांतील सर्वच आक्षेप टिकणारे नाहीत. नीट बनविलेला असा भाग सामान्य वापरात वर्षानुवर्षे चालतो. खरा फरक ताकदीचा नसून वस्तूशी जडणाऱ्या नात्याचा आहे. हाताने बसविलेले यंत्र हातानेच दुरुस्त करावे लागते आणि मालकाला त्याची प्रकृती ओळखावी लागते.

हीच त्या यंत्राची दुर्बलताही आहे. भारी वापराने जुन्या पायथनची जुळणी ढळते, म्हणजे काडतुसांचा फिरता कोठा नळीच्या अगदी समोर येऊन थांबेनासा होतो. ती पूर्ववत करू शकणारे कारागीर दिवसेंदिवस विरळ होत गेले. या शतकाच्या पहिल्या दशकात कोल्टने पायथनची निर्मिती थांबविली, ती प्रामुख्याने हे हातकाम परवडेनासे झाले म्हणून. त्यानंतर जुन्या पायथनच्या किमती भराभर चढल्या. २०२० मध्ये कंपनीने ते पुन्हा आणले, पण आतील रचना बदलून, भाग कमी करून आणि संगणकनियंत्रित यंत्रांवर घडवून. नवे पायथन अधिक दणकट आहे, असे मान्य करणारेही जुने विकावयास सहसा तयार नसतात.

सैनिकाचे पिस्तूल

१९११ च्या पिस्तुलाची कथा काहीशी निराळी आहे. फिलिपिन्समधील मोरो बंडखोरांशी लढताना अमेरिकी सैन्याची अडतीस कॅलिबरची रिव्हॉल्व्हर अपुरी पडली, असा अनुभव आला. १९०४ मध्ये थॉम्पसन व लागार्ड या अधिकाऱ्यांनी केलेल्या चाचण्यांतून पंचेचाळीस कॅलिबरची शिफारस झाली आणि जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे पिस्तूल मार्च १९११ मध्ये स्वीकारले गेले. १९८५ मध्ये बेरेटाचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल निवडले जाईपर्यंत, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षे, तेच सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते. रिकामे असताना सुमारे १.१ किलो वजन आणि मॅगझीनमध्ये अवघी सात काडतुसे, ही त्याची आजच्या मापाने ठळक उणीव आहे.

दुसऱ्या महायुद्धात या पिस्तुलांची सर्वांत मोठी निर्मिती केली ती रेमिंग्टन रँड या टंकलेखन यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने. तिने साडेआठ लाखांहून अधिक पिस्तुले पुरविली. (मराठी टंकलेखकांच्या कित्येक पिढ्यांना परिचित असलेला ‘रेमिंग्टन’ कळफलक याच नावाचा वारसा सांगतो. ते नाव मुळात बंदुकांच्या कारखान्याचे. त्याने टंकलेखन यंत्रांचा व्यवसाय १८८६ मध्ये विकून टाकला होता.) शिवणयंत्रे बनविणाऱ्या सिंगर कंपनीने केवळ पाचशे पिस्तुले बनविली आणि आज त्यांपैकी एखादे चांगल्या स्थितीत लिलावात आले तर लाख डॉलरच्या वर किंमत येते.

एका पिढीने हे पिस्तूल युद्धात वापरले. पुढच्या पिढीने ते बापाच्या कपाटात पाहिले. तिसऱ्या पिढीला ते स्पर्धेच्या मैदानावर भेटले. निवृत्त मरीन अधिकारी जेफ कूपर यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात प्रशिक्षणसंस्था काढली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघाचे ते पहिले अध्यक्ष झाले. दोन्ही हातांनी पिस्तूल धरण्याची जी रीत त्यांनी शिकविली, ती १९११ च्या पिस्तुलाभोवतीच आकारास आली होती. या पिस्तुलाचा चाप सरळ मागे सरकतो, त्याचा प्रवास अल्प असतो आणि घोडा आधीच उभारलेला असल्यामुळे चापाला फारसे बळ लागत नाही. ज्याच्या हाताला ही सवय जडली, त्याला मुठीचा निराळा कल असलेले दुसरे पिस्तूल प्रारंभी परकेच वाटते. २०१२ मध्ये अमेरिकी मरीन कोअरनेही आपल्या विशेष तुकड्यांसाठी कोल्टकडून याच घडणीची पिस्तुले मागविली, यावरून या आवडीत केवळ भावना नाही हे स्पष्ट होते. सैन्याच्या गोदामात पडून असलेली जुनी पिस्तुले नागरी नेमबाजी कार्यक्रमामार्फत विकण्यास काँग्रेसने २०१५ मध्ये परवानगी दिली. २०१८ पासून ती सोडतीने दिली जाऊ लागली. मागणी इतकी होती की रांग लावणे शक्यच नव्हते.

मायामी, ग्लॉक आणि एक लहानसे छिद्र

नव्या पिस्तुलांची सरशी का झाली, हेही येथे सांगितले पाहिजे; अन्यथा जुन्याचे समर्थन एकांगी होईल. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत केंद्रीय अन्वेषण संस्थेचे दोन अधिकारी ठार व पाच जखमी झाले. अनेक अधिकाऱ्यांजवळ रिव्हॉल्व्हर होती. जखमी हाताने सहा घरांच्या कोठ्यात काडतुसे पुन्हा भरणे किती कठीण आहे, हे त्या दिवशी उघड झाले. ऑस्ट्रियातील गॅस्टन ग्लॉक यांचे पिस्तूल याच सुमारास अमेरिकेत पोहोचले. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या या पिस्तुलाचा सांगाडा प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचा, मॅगझीनमध्ये सतरा काडतुसे आणि वजन १९११ च्या पिस्तुलाच्या जवळपास निम्मे. ग्लॉक यांनी त्यापूर्वी पिस्तूल बनविलेले नव्हते. जुन्या रचनांचे ओझे त्यांच्या मनावर नव्हते, हाच कदाचित त्यांचा सर्वांत मोठा लाभ ठरला. एका दशकात बहुसंख्य पोलीस दलांनी रिव्हॉल्व्हर सोडले.

जुन्याच्या आवडीला राजकीय रंग चढला तो २००० मध्ये. स्मिथ अँड वेसनने त्या वर्षी मार्चमध्ये क्लिंटन सरकारशी सुरक्षाविषयक करार केला. संतप्त ग्राहकांनी कंपनीवर बहिष्कार घातला. ब्रिटिश मालकांनी १९८७ मध्ये ११ कोटी २५ लाख डॉलरांना घेतलेली ही कंपनी २००१ मध्ये दीड कोटी डॉलरांना विकली. नव्या मालकांचा मूळ व्यवसाय शस्त्रांच्या कुलपांचा होता आणि लवकरच रिव्हॉल्व्हरच्या डाव्या बाजूस अंतर्गत कुलपासाठी एक लहानसे छिद्र दिसू लागले. मुलांच्या हाती शस्त्र पडू नये, हा त्याचा हेतू निर्विवाद चांगला होता. तथापि असंख्य खरेदीदारांनी त्या छिद्रात सरकारचा हात पाहिला आणि ‘कुलपापूर्वीचे’ हे जुन्या रिव्हॉल्व्हरच्या जाहिरातीतील हमखास विशेषण बनले.

चार आवाज

या आवडीत नेमके काय पणाला लागते, हे सर्वांत स्वच्छपणे दिसते ते स्टर्म रुगर कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांच्या इतिहासात. १८७३ च्या कोल्टचा घोडा अंगठ्याने मागे ओढताना चार वेगवेगळे आवाज होतात. शौकीन त्यांत कंपनीच्या नावाची चार अक्षरे ऐकतात. या रचनेत एक गंभीर दोष आहे. घोडा खाली असताना त्याचे टोक काडतुसाच्या टोपीवर टेकलेले राहते आणि शस्त्र घोड्यावर आपटल्यास गोळी सुटू शकते. म्हणूनच जुने लोक सहा घरांत पाचच काडतुसे भरून घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. कोल्टने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या रिव्हॉल्व्हरची निर्मिती बंद केली होती. १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीवर काऊबॉयच्या मालिकांची लाट आली, रुगरने १९५३ मध्ये व पुन्हा १९५५ मध्ये त्याच धाटणीची नवी रिव्हॉल्व्हर काढली आणि कोल्टलाही १९५६ मध्ये निर्मिती पुन्हा सुरू करावी लागली. संग्राहक कोल्टच्या या टप्प्यांना ‘पहिली पिढी’, ‘दुसरी पिढी’ असेच म्हणतात.

रुगरची रिव्हॉल्व्हर लाखो नवख्यांच्या हाती गेली. पाच काडतुसांची जुनी शिस्त मात्र त्यांच्यासोबत गेली नाही. अपघात झाले, दावे दाखल झाले. १९७३ मध्ये कंपनीने घोडा आणि टोपीवर आघात करणारी सुई यांच्या मध्ये एक पट्टी बसविली. चाप ओढला तरच ही पट्टी वर सरकून आघात पुढे पोहोचवते. एरव्ही घोडा कितीही आपटला तरी सुईला धक्का लागत नाही. आयव्हर जॉन्सन या कंपनीच्या स्वस्त रिव्हॉल्व्हरांत १८९० च्या दशकापासून अशीच सोय होती, त्यामुळे कल्पना नवी म्हणता येत नाही. १९८२ पासून रुगरने जुन्या रिव्हॉल्व्हरांतही ही सुधारणा विनामूल्य करून देण्यास प्रारंभ केला. दुरुस्त शस्त्रासोबत काढलेले मूळ भाग मालकाला परत दिले जातात.

पुढे जे घडले ते विचार करावयास लावणारे आहे. सुधारणा केलेले रिव्हॉल्व्हर अधिक सुरक्षित, तरी बाजारात त्याची किंमत कमी आणि मूळ स्थितीतील, तीन स्क्रूंचे, न सुधारलेले रिव्हॉल्व्हर महाग. विकत घेणारा मूळ भागांची पिशवी सोबत आहे का, हे आवर्जून विचारतो आणि काही जण ते भाग पुन्हा बसवून टाकतात. सुधारणेमुळे चापाची जात बदलते, घोड्याचे ते परिचित आवाज जातात, ही त्यांची तक्रार खरी आहे. पाचच काडतुसे भरण्याची शिस्त पाळणाऱ्याला धोका नाही, हेही खरे. पण शस्त्र मालकापेक्षा अधिक जगते. शिस्त मालकासोबत जाते आणि शस्त्र नातवाच्या हाती पडते, ज्याला सहाव्या घराविषयी कोणी काही सांगितलेले नसते. सुरक्षा यंत्रात असावी की वापरणाऱ्याच्या सवयीत, या जुन्या वादात दुसरा पक्ष घेणाऱ्यांनी वारसाचा विचार पुरेसा केलेला नाही, असेच म्हणावे लागते.

वारसा आणि वेशभूषा

प्यू संशोधन केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात अमेरिकेतील ६७ टक्के शस्त्रधारकांनी आपण शस्त्र असलेल्या घरात वाढलो असे सांगितले. त्याच पाहणीत ६७ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे शस्त्र बाळगण्याचे प्रमुख कारण दिले. संग्रह हे प्रमुख कारण देणारे १३ टक्केच होते. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड यामाने यांनी शिकार, खेळ व संग्रह यांभोवतीची जुनी शस्त्रसंस्कृती आणि स्वसंरक्षणाभोवतीची नवी संस्कृती असा भेद मांडला आहे. जुन्या शस्त्रांची आवड पहिल्या संस्कृतीची खूण असल्याचे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः एकाच व्यक्तीच्या कमरेला प्लास्टिकचे पिस्तूल आणि कपाटात आजोबांचे रिव्हॉल्व्हर असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

१९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या स्पर्धांत एकोणिसाव्या शतकातील रचनेचीच शस्त्रे चालतात, सहभागी व्यक्ती त्या काळाचा पोशाख करतात व टोपणनाव घेतात. अबिगेल कोन यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात अशा नेमबाजांचा मानववंशशास्त्रीय अभ्यास केला आहे. या मंडळींची बरीचशी शस्त्रे मात्र इटलीतील ब्रेशियाजवळच्या कारखान्यांत, उबेर्ती व पिएत्ता यांच्याकडे, बनलेल्या प्रतिकृती असतात. अमेरिकी भूतकाळाची आयात इटलीतून व्हावी, यात वावगे काही नाही. तरुणांना परवडणाऱ्या किमतीत जुनी रचना मिळते ती त्यामुळेच. २०१० पासून प्रसारित झालेल्या ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेतील नायकाच्या हाती पायथन होते आणि जुन्या पायथनची मागणी वाढण्यास तेही एक कारण मानले जाते.

भारतीय परिस्थितीशी तुलना करताना सावध राहावे लागते. खंडेनवमीला पूजल्या जाणाऱ्या तलवारीचे नाते निराळे आहे. ती चालवायची नसते. आपल्याकडेही जुन्या वेब्ली किंवा कोल्टला मोठी किंमत येते, पण ती प्रामुख्याने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खाजगी आयात बंद झाल्यामुळे. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाची शस्त्रमर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने येणारी शस्त्रेही त्याच मर्यादेत धरली. येथे निवड टंचाईने घडते, अमेरिकेत मुबलकतेने. अर्थात कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये काडतुसावर सूक्ष्म खूण उमटविण्याची अट लागू झाल्यावर अनेक वर्षे नव्या स्वयंभरण पिस्तुलांना मंजूर यादीत स्थान मिळाले नाही. तेथील नेमबाज मग आधीच यादीत असलेल्या जुन्या रचनांकडे वळले, ते आवडीने नव्हे.

ग्लॉकही या नियमातून सुटलेले नाही. त्याच्या आरंभीच्या, बोटांच्या खाचा नसलेल्या पिस्तुलांना संग्राहक आता ‘पहिल्या पिढीची’ म्हणून शोधतात; २०२० मध्ये कंपनीने ऑस्ट्रियाच्या सैन्याला दिलेल्या मूळ पिस्तुलाची प्रतिकृती अमेरिकी बाजारात आणली. १९८२ मध्ये बनलेली मूळ पिस्तुले २०३२ मध्ये पन्नास वर्षांची होतील आणि अमेरिकी कायद्यानुसार अवशेषरूप वस्तूंच्या वर्गात बसतील.